चालू पड

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गावी पोचलो तेव्हा तात्या घरात नव्हते. "बरडावर गेलेत मोबाइल घेऊन," काकू म्हणाल्या, "सकाळपासून त्या पीक पाहणीच्या मागं लागलेत." बरड म्हणजे ओढ्यापलीकडचा आमचा सहा एकरांचा तुकडा. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तसाच निघालो. रात्री पाऊस होऊन गेला होता. ओढ्याला घोटाभर गढूळ पाणी होतं, बांधावरच्या गवताची ओल पोटऱ्यांना लागत होती. तात्या तारेच्या कुंपणापाशी उभे होते. एका हाताचा पंजा फोनवर छपरासारखा धरलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा काचेवर पुन्हा पुन्हा दाबत होते. त्या अंगठ्याला पन्नास वर्षांच्या भेगा आहेत, काचेला तो लवकर कळत नाही. मला बघितल्यावर 'कधी आलास' वगैरे काही नाही, फोनच पुढे केला.

"बरं झालं आलास. गट नंबर घेतला त्यानं, नाव घेतलं, क्षेत्र घेतलं. आता पीक विचारतंय. काय लिहू रे इथं?"

मी यादी वर-खाली केली. बाजरी, मका, कापूस, तूर, मूग, उडीद. मान वर केली तर समोर कुंपणाच्या आत निळ्या-काळ्या पॅनलच्या ओळी, सगळ्या दक्षिणेकडं तोंड करून उभ्या, आणि त्यांच्या काचांवरून ढग चाललेले. यादीत आणखी दोन पर्याय होते, कायम पड आणि चालू पड. मी 'चालू पड' दाबलं. फोटो मागितला, तात्यांनी काढला. "आता सातबाऱ्यावर असंच येणार?" त्यांनी विचारलं. "येईल," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. फोनवरचे पावसाचे थेंब सदऱ्याला पुसले, फोन खिशात ठेवला आणि माझ्यापुढं घराकडं चालू लागले.

तो शब्द पुण्याला परतलो तरी मनातून जाईना.

पड हा आमच्या घरात नुसता महसुलातला शब्द कधीच नव्हता. आजोबांच्या तोंडी तो आजारासारखा यायचा. अमक्याची जमीन पड पडली म्हणजे त्या घरात काहीतरी बिनसलंय, कर्ता माणूस अंथरुणाला खिळलाय, नाहीतर बैल मेलाय, नाहीतर भावाभावांचा दावा कोर्टात गेलाय. आमचं बरड माझ्या माहितीत दोनदाच पड राहिलं होतं. एकदा बहात्तरच्या दुष्काळात, सगळं गाव खडी फोडायला गेलं तेव्हा. आणि एकदा आजोबा गेले त्या साली, कारण मृगात घरात सुतक होतं आणि वापसा निघून गेला. ही दोन सालं आजी अशी सांगायची, जसं कुणी घरातले दोन मृत्यू सांगावेत.

आणि ते बरड तरी काय होतं! वीतभर माती, खाली निव्वळ मुरूम. कुळव धरला की फास दगडावर खरवडल्याचा आवाज दातांत जायचा. पाऊस लागोपाठ पडला तर पिकं पिवळी, पंधरा दिवस ओढ दिली तर माना टाकलेली. बाजरी, मटकी, हुलगा हे तिथलं खरं धान्य. पुढं सगळ्यांनी कापूस लावला तसा आम्हीही लावला. मळ्यातल्या कापसाची बोंडं मुठीएवढी, तर बरडावरची सुपारीएवढी. बियाण्याचे, खताचे, फवारणीचे आणि वेचणीचे पैसे वजा करून हातात काय उरलं याचा हिशोब तात्या मोठ्यानं कधी करत नसत. पण नांगरट एकदाही चुकवली नाही. मी एकदा विचारलं होतं, "परवडत नाही तर पेरता कशाला?" तेव्हा म्हणाले होते, "तिला उघडी कशी ठेवायची?"

विहीर मळ्यात, ओढ्याच्या अलीकडं. तिच्या जिवावर गहू, कांदा, थोडा घास. विहिरीला पाणी असलं तरी ते उपसायला लाईट पाहिजे, आणि शेतीची लाईट काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तात्या जेवून उठायचे, कानटोपी घालायचे आणि बॅटरी माझ्या हातात द्यायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पौषातली थंडी, गव्हाची ओंबी पोटरीत आलेली, आणि वाफ्यातलं पाणी इतकं गार की पायाची बोटं आपली नाहीत असं वाटायचं. तात्या खोऱ्यानं दारं मोडायचे, मी उजेड धरायचो. लांब विहिरीवर मोटरीचा आवाज एकसुरी चालू असायचा, त्याच्यावर आमचा सगळा कान. तो मध्येच थांबला की काळोख आणखी दाट व्हायचा. "गेली," तात्या म्हणायचे. मग बांधावर पोतं अंथरून, तोंडावर पटका घेऊन वाट बघायची. आमच्या शिवारात एक जण असाच रात्री स्टार्टरपाशी गेला आणि पायाखाली आलेल्या सापानं संपला. माझ्याच वर्गात त्याचा मुलगा होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी बॅटरी जमिनीवरून हलवतच नव्हतो.

हे सगळं सांगतोय कारण बरडावरच्या त्या सौर प्लांटबद्दल माझ्या मनात नुसती खंत आहे असं कुणाला वाटू नये. प्लांट चालू झाल्यापासून आमच्या फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडं येणाऱ्या लाईनला, दिवसा लाईट असते. सकाळी न्याहारी करून तात्या मळ्यात जातात, बटण दाबतात, उन्हात उभं राहून पाणी देतात, आणि रात्री घरात झोपतात. सहासष्ट वर्षांचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा अख्खा हिवाळा अंथरुणात झोपला. काकूंनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. ज्यानं कुणी हे घडवून आणलं त्याचे उपकार मी मानतो, अगदी मनापासून.

जागा मागायला माणसं आली ती २०२३ च्या दिवाळीनंतर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा त्याच साली सुरू झाला होता. उपकेंद्राच्या जवळपासच्या जमिनीवर लहान लहान प्रकल्प उभारायचे, वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फिडरना दिवसा द्यायची. आमचं उपकेंद्र बरडापासून दोनेक किलोमीटरवर. त्यामुळं ज्या जमिनीकडं आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिला एकदम मोल आलं. भाडं हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, दरवर्षी तीन टक्के वाढ, करार पंचवीस वर्षांहून मोठा. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं दरसाल पाच लाखांचं अनुदान. आमचे सहा एकर म्हणजे सुमारे दोन हेक्टर चाळीस गुंठे, भाडं वर्षाला तीन लाख. सुपारीएवढ्या बोंडांच्या जमिनीचे तीन लाख! शेजारच्या दोन घरांनी मिळून आणखी सहा एकर दिले. तीन मेगावॅटचा प्लांट ठरला.

पण सही करण्याआधी तात्यांनी मला फोन केला होता. मी बँकेत कर्ज विभागात आहे, सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी माझं नाव आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. "आपणच टाकला तर? तू सांगितलं होतंस ना, त्या गुजरातेतल्या गावासारखं."

ते गाव ढुंडी. २०१९ च्या हिवाळ्यात आईला डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनाला घेऊन गेलो होतो. तिथून ढुंडी फार लांब नाही, ठासरा तालुक्यातच, खेडा जिल्हा. या गावाबद्दल मी वाचलं होतं, म्हणून आईला धर्मशाळेत विसावायला सांगून एका रिक्षानं गेलो. सपाट, काळसर, पाणीदार मुलूख, आमच्याकडच्यासारखा दगड कुठं दिसेना. शेतात उंच खांबांवर चढवलेली पॅनलं आणि त्यांच्या खाली, अर्ध्या सावलीत, हिरवं पीक. पंप चालू होता आणि कुठंही डिझेलचा वास नव्हता. २०१६ साली इथल्या सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी नोंदवली, सौर पंपांच्या विजेची. पाणी उपसून जी वीज उरेल ती एकत्र मीटरमधून मध्य गुजरात वीज कंपनीला विकायची, युनिटला ४ रुपये ६३ पैसे, पंचवीस वर्षांचा करार. वर पहिल्या काळात आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेकडून हरित ऊर्जेचा आणि पाणी वाचवल्याचा मिळून युनिटमागं अडीच रुपये बोनस. बदल्यात त्यांनी शेतीच्या सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. याच संस्थेनं हे उभं केलं होतं आणि भांडवलाचा मोठा भागही तिथूनच आला होता. तिथले अभ्यासक तुषार शहा यांनी या कल्पनेला जे नाव दिलं त्याचा अर्थ साधारण असा की सौर वीज हे शेतकऱ्याचं किफायतशीर पीक मानायचं.

पीक. हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात अडकला. त्यातली मेख मला आवडली होती. फुकट वीज दिली की माणूस मोटर चालूच ठेवतो, विहीर खरवडेपर्यंत. पण प्रत्येक युनिटला बाजार असेल तर मोटर बंद करण्यातही कमाई आहे. पाणी जमिनीत राहतं आणि पैसा घरात येतो. आमच्याकडच्या सौर पंपांकडं बघितलं की हेच खटकतं. उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला, पंप थांबला, की ती पॅनलं नुसती ऊन अंगावर घेत उभी. तारेला जोडलेली नसल्यामुळं त्या विजेला जायला वाट नाही. वर्षातले कितीतरी दिवस हे पीक उभ्या उभ्या वाळून जातं.

डाकोरहून आल्यावर मी हे सगळं तात्यांना सांगितलं होतं, ओट्यावर बसून, हातवारे करून. मी सांगून विसरलो. ते विसरले नाहीत.

तर त्या रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर योजनेच्या 'अ' घटकात शेतकऱ्याला स्वतः, किंवा गट करून, सहकारी संस्था करून, अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प टाकता येत होता. राजस्थानात कोटपुतलीजवळच्या भालोजी गावात २०२१ साली देशातला या घटकातला पहिला प्रकल्प उभा राहिला, साडेतीन एकरांत एक मेगावॅट, दर युनिटला ३ रुपये १४ पैसे, वर्षाला सतरा लाख युनिटांचा अंदाज. म्हणजे हे होऊ शकतं, कुणीतरी केलेलं आहे. मी आमच्यासाठी मांडून पाहिलं. एक मेगावॅट, चार एकर, पावणेचार कोटी खर्च. सतरा लाख युनिट धरले तर वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास येणार. यातले अडीच-पावणेतीन कोटी कर्ज धरलं, दहा टक्के, बारा वर्षं, तर हप्ताच वर्षाला अडतीस-चाळीस लाख. देखभाल, विमा, राखण, बिघडलेला इन्व्हर्टर. पहिली बारा वर्षं हाताला लागणार ते भाड्यापेक्षा थोडंच जास्त, आणि त्यासाठी आधी स्वतःचे कोटभर रुपये पाहिजेत. ते आणायचे कुठून? मळा गहाण टाकून. बारा वर्षांनी मात्र हप्ता संपतो आणि तेराएक वर्षांचं ऊन पूर्ण आपलं होतं. तेव्हा तात्या पंचाहत्तरी ओलांडून गेलेले असतील.

रोज मी अशी प्रकरणं टेबलावर बघतो. शेतकऱ्याचं नाव, तारण, परतफेडीची क्षमता. तात्यांचं प्रकरण माझ्याकडं आलं असतं तर मी नामंजूर केलं असतं, आणि फोनवर मी तेच केलं. "तात्या, भाडं घ्या. झोप लागेल." ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुला कळतं त्यातलं." दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघांनी तालुक्याला जाऊन सह्या केल्या.

हिशोब चुकला असं मला आजही वाटत नाही. तरीही तात्यांचं ते गप्प राहणं मला आठवतं. त्यांनी विचारलं होतं ते पिकाबद्दल आणि मी उत्तर दिलं ते जागेबद्दल. जागा भाड्यानं दिली की जमीनमालक राहतो, शेतकरी राहत नाही. ऊन कुणाच्या रानात पडलं हे भाड्याला ठाऊक असतं, किती पडलं हे ठाऊक नसतं. मार्चमध्ये रखरखीत दिवस गेले काय आणि आषाढात आभाळ आठवडाभर फाटलेलं राहिलं काय, तीन लाख ते तीन लाख. ही शांती आहे, मान्य. पण आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जे आभाळाकडं बघून जगणं होतं, ते बरडापुरतं संपलं.

आमच्याकडून दोन-अडीच तासांवर प्रवरानगर आहे. १९५० साली तिथं विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हाही ज्यांच्याकडं ऊस होता त्यांच्याकडं कारखान्याचे पैसे नव्हते. गावोगाव फिरून शेअर गोळा केले, लोकांनी विश्वास नसतानाही दिले, सरकारनं भांडवलात वाटा उचलला, कर्जाची हमी उभी राहिली. पुढं कारखान्यांचं काय झालं, कुठं काय कुजलं, हे आपण सगळे जाणतो. पण ती पहिली धडपड खोटी नव्हती. ऊस आपला तर गाळपही आपलं, हे दुष्काळी नगर जिल्ह्यातल्या माणसांना सुचलं आणि त्यांनी करून दाखवलं. त्याच मुलखात आज ऊन आपलं आहे, जमीन आपली आहे, त्या विजेवर चालणारी मोटरही आपली आहे, आणि मधला सगळा भाग दुसऱ्याचा. निविदा निघाल्या त्या मोठमोठ्या गठ्ठ्यांच्या, एकेका कंपनीकडं कितीतरी उपकेंद्रं एकदम. दर तीन रुपयांच्या आसपास उतरले, कामं वेगानं झाली, वीज स्वस्त पडली, त्याचा फायदा सगळ्यांना आहे. तीन घरांची बारा एकरांची सहकारी संस्था त्या रांगेत कुठं उभी राहणार? पण तिला उभं करायला कुणीतरी हात द्यायला हवा होता, असं मला आता वाटतं. कर्ज विभागात बसलेल्या माझ्यासारख्यानं तरी.

पोळ्याच्या दिवशी सकाळी प्लांटवरचा राखणदार आम्हाला आत घेऊन गेला. पलीकडच्या वाडीचाच मुलगा आहे, आयटीआय केलेला. आत पाऊल टाकताना मला विचित्र वाटलं, आपल्याच रानात दुसऱ्याच्या परवानगीनं शिरताना. ओळींच्या मधून चाललो. पॅनलांच्या खाली गुडघाभर गवत, त्यात ओलसर सावली, आणि टिटवीचं जोडपं आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होतं, अंडी जवळपास असावीत. इन्व्हर्टरची बारीक गुणगुण कानाला लागली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. तो मुलगा सांगत होता की पॅनलला ऊन पाहिजे पण उष्णता नको. तापलं की वीज कमी देतं, त्यामुळं मे महिन्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चचे दिवस सरस. तात्या लगेच म्हणाले, "म्हणजे रब्बीच की!" आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो, कारण तो चेहरा मला ओळखीचा होता. कृषी केंद्रातला माणूस नवीन वाणाबद्दल सांगायचा तेव्हा तो असाच व्हायचा.

गावाला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. उन्हाळ्यात एकदा वादळानं उपकेंद्राकडची लाईन तुटली. पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, आणि तरी प्लांट बंद. लोक कुंपणापाशी जमले, समोर एवढी वीज बनते आणि आमच्या घरात अंधार का, म्हणून. त्या मुलानं समजावलं की हा प्लांट तारेच्या जिवावर चालतो, तार मेली की आपोआप थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लोकांना पटलं. तात्यांनाही पटलं. पण घरी आल्यावर काकूंना म्हणाले होते, "आपल्या रानात पिकलेलं आपल्याला चाखायलाही मिळत नाही बघ."

गवत कापायला दोन बायका असतात, पॅनल धुवायला महिन्यातून एकदोनदा टँकरबरोबर चार-पाच पोरं. पूर्वी बरडावर कापूस वेचायला आठ-दहा बायका यायच्या, दिवाळीच्या आगेमागे महिना-दीड महिना. त्यांच्यातली एक मावशी पोळ्याच्या संध्याकाळी वाण मागायला आली होती. मी विचारलं, आता कुठं जाता? म्हणाली, "लांब जातो, टेंपोनं." तीन लाखांत तिचा वाटा कुठंही नाही. करारात ती नव्हतीच, पण त्या जमिनीवर तिच्या कमरेचा इतिहास माझ्याहून जास्त आहे. शेजारच्या गावात तर गायरानावरच प्लांट झाला. तिथल्या मेंढ्या आता रस्त्याच्या कडेनं चरतात, आणि मेंढके पावसाळ्यात आमच्या ओढ्याकाठी उतरतात. सरकारी जमीन म्हणजे मोकळी जमीन असं कागदावर दिसतं. गावात कुठलीच जमीन मोकळी नसते, तिच्यावर कुणाची तरी शेळी, कुणाचं तरी सरपण, कुणाची तरी पायवाट असते. काही गावांनी यासाठी विरोध केला, त्यांना विकास नको आहे असं म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

आणि माझा वाटा? भाडं जमा झालं की चार दिवसांत तात्या माझ्या खात्यात दीड लाख पाठवतात. मी परत पाठवले तर रागावतात. "तुझ्या बापाचा हिस्सा आहे." ज्या जमिनीत मी बॅटरी धरण्यापलीकडं काही केलं नाही, तिचे पैसे मला पुण्यात बसून मिळतात. मोबाइल वाजतो, आकडा दिसतो. वडील असते तर त्यांनी या पैशाचा वास घेऊन पाहिला असता असं मनात येतं. धान्याचे पैसे घरी आले की ते नोटा नाकाशी धरत, मोंढ्यातल्या पोत्यांचा, भुश्श्याचा वास यायचा त्यांना.

पोळ्याला आमच्याकडं यंदा बैल नव्हते. बरड गेल्यावर जोडीला काम उरलं नाही, मळ्याचं भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागतं. तात्यांनी ती नात्यातल्या घरी दिली, विकली नाही. काकूंनी मातीचे बैल मांडले, पुरणपोळी दाखवली. संध्याकाळी वेशीवर दुसऱ्यांचे बैल मिरवत आले, शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, घुंगरांचा आवाज गल्लीभर. तात्या ओट्यावर उभे राहिले आणि ओळखीच्या प्रत्येक बैलाच्या पाठीवर हात फिरवून त्यांनी त्याला पोळी दिली. आमची जोडीही त्यांत होती. त्यातल्या डाव्या अंगाच्या बैलानं घराकडं मान वळवली, आणि काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी गाडी होती. चहासाठी स्वयंपाकघरात गेलो. दाराशेजारी दिनदर्शिका, तिला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. लहानपणापासून ती तिथं आहे, दुधाचा रतीब लिहायला. सकाळचे इतके, संध्याकाळचे इतके. दुधाचे आकडे होतेच, पण प्रत्येक तारखेच्या चौकोनात खाली आणखी एक आकडा होता, थरथरत्या अक्षरात. सहा हजार चारशे. सात हजार. चार हजार नऊशे. मागची पानं उलटली. मार्चमध्ये सगळे चौकोन पंधरा हजारांच्या वर, एकात सोळा हजार शंभर, आणि त्याच्याभोवती गोल काढलेला. प्लांट चालू झाल्यापासून एकही दिवस रिकामा नव्हता.

"हे काय?" मी काकूंना विचारलं.

"रोज संध्याकाळी जातात तारेपाशी," काकू म्हणाल्या. "त्या पोराला विचारतात, आज किती पडले. येऊन लिहितात. मी म्हटलं, कशाला लिहिता, आपल्याला काय त्याचं? तर बोलत नाहीत."

मी पुण्याला आलो. दोन दिवसांनी संध्याकाळी फोन आला, नीट पोचलास का वगैरे. इकडचं तिकडचं झालं, मळ्यातल्या मक्याला दाणा भरतोय, ओढ्याला अजून पाणी आहे. बोलणं संपत आलं तसं मीच विचारलं.

"तात्या, आज किती पडले?"

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग आवाज आला, बोंडं फुटायच्या दिवसांत यायचा तसा.

"पाच हजार सातशे. दिवसभर झाकळून होतं रे. पण दुपारनंतर जरा उघडलं."